असं जेवण पुन्हा नाही

रोजच्याप्रमाणे ती साडेपाचला उठली. डाव्या शेगडीवर चहाचे आधण ठेवले, उजव्या शेगडीवर डब्याची भाजी. आधणाला उकळी फुटेपर्यंत तोंड धुऊन व्हायचे आणि भाजी शिजेपर्यंत चहा पिऊन, हा तिचा नेम होता. कप विसळून पालथा घातला, खिडकीतल्या चार कुंड्यांना तांब्याभर पाणी घातले, पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या. सव्वासातला दाराला कुलूप लावून ती एक मजला उतरली आणि दादाच्या दाराशी क्षणभर थांबून म्हणाली, "निघाले गं वहिनी." आतून "हो, नीट जा," असे उत्तर आले. पावणेआठला ती लॅबच्या पायऱ्या चढत होती. तीस वर्षांत या वेळापत्रकात एकच फरक पडला होता. पूर्वी "निघाले गं आई" असे होते.

लॅब दातांची होती. गल्लीच्या टोकाला, शिंप्याच्या दुकानावर, दोन खोल्यांत. शहरातले सोळा दवाखाने आपल्या रोग्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे तिथे पाठवीत आणि ती त्यांच्यावर कवळ्या तयार करी. तिच्या टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, पातळ पात्याचा चाकू आणि बिजागरीवर उघडमीट करणारे एक लोखंडी यंत्र असे. त्याला लॅबमध्ये सगळे नुसते 'जबडा' म्हणत. वरचा साचा वर बसवायचा, खालचा खाली. मेणात एकेक दात रोवायचा. मध्ये निळा कार्बन कागद धरून जबडा मिटायचा. जिथे डाग गडद उमटेल तिथे दात उंच झाला असे समजून घासायचे. माणसाला घास चावता आला पाहिजे, एवढेच या कामाचे शास्त्र. ज्यांच्यासाठी ती हे करी त्यांचे चेहरे तिने कधी पाहिले नव्हते. डबीवर फक्त नंबर असे. भाचीने लहानपणी शाळेच्या निबंधात 'माझी दातवाली आत्या' असे लिहिले, तेव्हापासून नातेवाइकांत ती दातवालीच झाली होती.

त्या दिवशी पहिल्या डबीत कुणा म्हाताऱ्याचा खालचा जबडा निघाला. झिजून पार सपाट झालेला. अशा जबड्यावर कवळी टिकवणे म्हणजे ओल्या दगडावर वाटी उभी करणे. ती मेण वाकवून त्याला कड काढत होती, तेवढ्यात मालक आले. ते स्वतः दातांचे डॉक्टर, पण दवाखाना चालेना म्हणून त्यांनी लॅब काढली होती. माणूस भला होता, फक्त त्यांना घाई फार.

"अभिनंदन ताई! आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत."

"कसला पत्ता?"

"आता कशाला लपवताय? दादा काल दुपारी येऊन गेले की, तुम्ही साचे आणायला गेला होतात तेव्हा. तुमची पुढच्या महिन्याची रजा रद्द, त्याच्या पुढच्या महिन्यात नऊ दिवस. मी लगेच रजिस्टरात बदल केला. आणि ग्रुपबरोबर चाललात हे फार उत्तम. बाईमाणूस एकटीच कुठे त्या परदेशात... आम्हालाही इकडे काळजी वाटते हो."

चाकूचे तापलेले पाते मेणात खोल गेले आणि म्हाताऱ्याच्या हिरडीला खाच पडली.

आतल्या खोलीत पॉलिशची मोटार थांबली. तिथे बसणारे पॉलिशकाका साठी ओलांडलेले होते, पण त्यांचे कान विशीतले. "साहेब," ते आतूनच म्हणाले, "मागच्या महिन्यात तुम्ही एकटे बाजारात गेलात, स्कूटर कुठे लावली ते विसरलात आणि रिक्षाने परत आलात. काळजी नक्की कुणाची करायची, ते एकदा ठरवू या."

मालक हसले आणि फोन घ्यायला निघून गेले. ती हसली नाही. तिने खाच पडलेले मेण काढून टाकले आणि नवी पट्टी दिव्यावर धरली. ती पट्टी वितळून टेबलावर ठिबकली, तेव्हा तिला पहिल्यांदा राग आला. तोपर्यंत नुसतेच नवल वाटत होते.

अकरा वर्षे ती दर वर्षी एकवीस दिवस बाहेर पडे, आणि एकटी पडे. आशियातले सात देश तिने असे पाहिले होते. पाहिले म्हणण्यापेक्षा चाखले होते म्हणणे अधिक खरे. राजवाडे आणि संग्रहालये यांच्याशी तिचे काही वैर नव्हते, पण सकाळी खोलीतून बाहेर पडल्यावर पाय वळत ते बाजाराकडे. उकळत्या हंड्यांभोवतीची ठेंगणी स्टुले, केळीच्या पानात वाफवलेला भात, भट्टीच्या भिंतीवरून आकड्याने ओढून काढलेली रोटी, ज्याचे नाव विचारायचीही सोय नाही असे काही कडू, काही आंबट, काही घशात बराच वेळ रेंगाळणारे. दिवसभर दुसऱ्यांच्या चावण्याची व्यवस्था लावणाऱ्या बाईला लोक चावताना पाहायची हौस होती. कुठे माणसे मान खाली घालून भराभर ओरपत, कुठे घास गालात धरून भांडत. एका नदीकाठच्या गावात मासे भाजणाऱ्या बाईने तिची पहिल्या घासालाच उडालेली तारांबळ पाहिली, ताट ओढून घेतले, दोन बोटांनी सगळे काटे उपसले आणि ताट परत पुढे सरकवले. कोण, कुठली, बरोबर कोण, काही नाही. काटे काढले, संपले.

खाणावळीत शिरले की प्रत्येक देशात पहिला प्रश्न एकच असे. वाढणारा एक बोट वर करी. तीही एक बोट वर करी. तो एका माणसाची जागा दाखवी. किती माणसे, एवढाच तो हिशेब. हाच प्रश्न ती आपल्या गावात अकरा वर्षे निराळ्या शब्दांत ऐकत आली होती. "एकटीच?" शेजारीण विचारी, बँकेतला कारकून विचारी, ओळखीच्या हॉटेलातला वेटर समोरची खुर्ची उचलायच्या आधी विचारी. सगळी मेख त्या शेवटच्या 'च'मध्ये होती. एकटी म्हटले तर नुसती वस्तुस्थिती. एकटीच म्हटले की लगेच काहीतरी उणे, काहीतरी गेलेले, कुणीतरी यायचे राहिलेले. एका अक्षरात केवढी कीव भरता येते, याचे तिला दर वेळी आश्चर्य वाटे. माणसाने एकट्याने मरावे याला कुणाची हरकत नसते. एकट्याने जेवायचे म्हटले की गाव गोळा होते.

दुपारी डबा खाताना पॉलिशकाका तिच्यासमोर येऊन बसले.

"दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात," ते म्हणाले. "तुमचं उलट झालं. दातही होते, चणेही होते. भावाने मूठ धरली."

"काका, थट्टा नको."

"थट्टा नाही करत. विचारतोय. हो म्हणणार आहात?"

"मला कुणी विचारलंय का, हो म्हणायला?"

काकांनी आपल्या डब्यातली लोणच्याची फोड तिच्या झाकणावर ठेवली आणि ते उठून गेले.

संध्याकाळी सहाला तिने दादाच्या दाराची बेल वाजवली. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला. त्या खात्यात तीस वर्षे काढल्याने कुणाला कधी आणि किती सोडायचे हे आपण ठरवायचे, अशी त्याला सवय लागली होती. एरवी माणूस मायाळू. तिच्या बाळंतीण मैत्रिणीला रक्त हवे होते तेव्हा पावसात सायकल मारत गेला होता तो हाच.

"दादा, माझी रजा कुणी बदलली?"

"आधी बस. पाणी घे."

"पाणी नको. रजा कुणी बदलली?"

"मी. मोठा भाऊ आहे तुझा, चोर नाही."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" दादा म्हणाला. आपण वाद जिंकला असे त्याला मनापासून वाटले होते.

वहिनीने टीपॉयवरचे रंगीत पत्रक तिच्याकडे सरकवले. तिने ते उभ्यानेच वाचले. 'खास महिलांसाठी! नऊ दिवस, तीन देश. सोबत आपला स्वयंपाकी! परदेशातही रोज घरची चव. बाहेर खाण्याची चिंता नको. एकटेपणाला करा टाटा!' खाली पिवळ्या टोप्या घातलेल्या वीसेक बायका एका कारंज्यापुढे हात हलवत होत्या. त्यांच्यामागे पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ मोठा कुकर छातीशी धरून उभा होता.

"बाहेर खाण्याची चिंता नको?" तिने मोठ्याने वाचले. "दादा, मी बाहेर खायलाच जाते रे!"

"ते बोलायला ठीक आहे."

"बोलायला म्हणजे? हा माणूस इथून कुकर घेऊन तीन देश ओलांडणार आणि मी त्याच्या मागे मागे ताट घेऊन फिरणार? दाराबाहेर अख्खा बाजार मांडलेला, आणि मी हॉटेलच्या तळघरात बसून काल घरी खाल्लं तेच खायचं? त्यापेक्षा खालीच येते की जेवायला. विमान कशाला हवं?"

"तायडे, ओरडू नकोस," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पुरे झालं आता हे सोंग. आम्हाला सगळं कळलंय."

"काय कळलंय?"

वहिनीने दादाकडे पाहिले. दादाने पंख्याकडे पाहिले.

"परवा तुझा सिलिंडरवाला आला होता," वहिनी म्हणाली. "तू कामावर. मी किल्लीने दार उघडून दिलं. टेबलावर तुझी वही होती. म्हटलं, गॅसचा नंबर लिहिलेला असेल..."

"माझ्या प्रवासाच्या वहीत गॅसचा नंबर?"

"पान उलटलं गेलं गं."

"आपोआप?"

"वाचलं आम्ही, बास?" दादा म्हणाला. "दोघांनी वाचलं. आणि बरं झालं वाचलं. तुझ्या वहिनीला पाठ आहे, विचार तिला."

वहिनीला खरोखरच पाठ होते. शाळेत कविता म्हणून दाखवावी तसे तिने हात एकमेकांत गुंफले आणि ओल्या आवाजात म्हटले, "'आज बंदराच्या बाजारात एकटी जेवले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. रुमाल पुरेना. शेजारच्या बाईने पाठीवरून हात फिरवला. असं जेवण पुन्हा नाही.'"

मग तिने पदराने डोळे टिपले.

"वहिनी," ती म्हणाली, "ती मिरची होती."

"काय?"

"मिरची. हिरवी, बोटाएवढी, रश्श्यात तरंगत होती. मला वाटलं शेंग आहे. अख्खी चावली."

"आणि ती बाई पाठीवरून हात कशाला फिरवत होती?" दादाने वकिलासारखे विचारले.

"ठसका लागला म्हणून!"

"आणि 'असं जेवण पुन्हा नाही' म्हणजे?"

"म्हणजे इतकं चांगलं जेवण पुन्हा मिळायचं नाही! दुसरं काय?"

दादाने सावकाश बायकोकडे मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर एवढी करुणा होती की तिला ती बघवेना. "मी तुला म्हणालो नव्हतो?" तो म्हणाला. "कबूल करणार नाही ती. बाबाही असेच होते."

त्या क्षणी तिचे बोलणे संपले. मराठीत लिहिलेले, ओळीने लिहिलेले, आणि आपल्याच रक्ताच्या माणसांनी ते उलटे वाचले होते. तिने आनंद लिहिला होता, त्यांनी दुःख वाचले होते. आणि आता ती समोर उभी राहून सांगत होती तरी त्यांचा विश्वास तिच्यावर नव्हता, आपल्या वाचण्यावर होता. एकटी बाई सुखाने जेवली असेल, ही शक्यताच त्यांच्या घरात शिरू शकत नव्हती. तिला कुठे बसवायचे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट होती, जी ती तिथे बोलू शकत नव्हती. चार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका गावी ती तीन दिवस तापाने पडली होती. घरमालकीण दाराबाहेर पेजेचा वाडगा ठेवून जाई, आणि ती भिंतीकडे तोंड करून खरेच रडली होती. त्याची वहीत नोंद नव्हती. चौथ्या दिवशी उठून तिने वाडगा घासून परत केला आणि पुढच्या गावाला गेली. हे सांगितले असते तर दादाने टाळीच वाजवली असती. एकत्र नांदणारी माणसे आपापल्या अंथरुणात रडतात, तेव्हा त्यांच्या संसारावर कुणी पिवळ्या टोपीचा उतारा काढत नाही. ती रडली की मात्र तो पुरावा ठरणार होता.

"माझा पासपोर्ट कुठे आहे?" तिने विचारले.

दादाचे लोखंडी कपाट अधिक मजबूत म्हणून तिचे कागद वर्षानुवर्षे त्यात एका फाइलमध्ये असत. तीही सोय त्यानेच सुचवलेली.

"दिला कालच त्यांच्या ऑफिसात. फोटोही दिले. तुझ्या सहीसाठी सोमवारी तिथली मुलगी घरी येणार आहे. तुला काही म्हणजे काही करायचं नाही."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

रागवायचे तर अडचण अशी होती की कुणी वाईट वागले नव्हते. शत्रूने पासपोर्ट नेला असता तर पोलिसांत जाता आले असते. भावाने मायेने नेला, तर जगाच्या दृष्टीने तीच कृतघ्न. उद्या पाहुण्यांत ही गोष्ट सांगितली जाईल तेव्हा सगळे माना डोलावून दादाचे कौतुक करतील, आणि 'एवढं करूनही बाईसाहेबांचं नाक वरच' असे कुणीतरी म्हणेल. ती टेबलाशी बसली. वही तिथेच होती, नीट बंद केलेली, कडेला सरळ लावून ठेवलेली. वाचून झाल्यावर वहिनीने तिच्यावरची धूळही पुसली होती. तिने वही उघडली नाही. भांडून काही उपयोग नव्हता, कारण भांडण जिंकायला समोरच्याने तुमचे शब्द तुमच्याच अर्थाने घ्यावे लागतात. तेव्हा आता एकही शब्द खर्च करायचा नाही, असे तिने ठरवले. आपले कागद, आपल्या तारखा आणि आपले पाय, एवढ्यावर काम होण्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला ती दादाच्या दारावरून न थांबता पुढे गेली. तीन पायऱ्या उतरली असेल, तोच कडी निघाली आणि वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली.

"आवाज नाही दिलास."

"नाही दिला."

"रागावलीयेस."

"हो."

"वही वाचायला नको होती."

"नको होती, वहिनी."

वहिनी कठड्याला धरून उभी राहिली. आत दादाच्या आंघोळीचा आवाज येत होता. ती खालच्या आवाजात म्हणाली, "खरं सांग, मिरची होती?"

"खरंच मिरची होती."

"मेलं, तुझ्या त्या मिरचीपायी आम्ही दोघं रात्रभर डोळा मिटला नाही गं!"

तिला हसू येत होते. पण हसले की प्रकरण मिटले असे ठरते, म्हणून तिने ओठ दाबून धरले.

"तिकडे बायका एकट्या बसतात जेवायला?" वहिनीने विचारले. "कुणी बघत नाही?"

"बघतात. मग आपापलं जेवायला लागतात."

"मी लग्न झाल्यापासून एकदाही एकटी जेवले नाही. म्हणजे जेवते की, सगळ्यांचं झाल्यावर, ओट्यापाशी उभी राहून. पण त्याला एकटी जेवणं नाही म्हणत ना?"

"नाही. त्याला उरकणं म्हणतात."

आतून "टॉवेल!" अशी हाक आली आणि वहिनी वळली.

लॅबमध्ये मालक आल्याबरोबर ती त्यांच्या टेबलाशी गेली. आपल्या अक्षरात लिहिलेला अर्ज तिने त्यांच्यापुढे ठेवला. पुढच्या महिन्याची पाच तारीख ते पंचवीस तारीख, एकवीस दिवस, आधी मंजूर झाल्याप्रमाणे.

"अहो ताई, पण मी आता पुढच्या महिन्यात दोन नव्या दवाखान्यांचं काम घेतलं."

"मला विचारून?"

"दादा म्हणाले म्हणून..."

"मग त्या एकवीस दिवसांत दादांना बसवा माझ्या टेबलावर."

"त्यांना विचारून घ्या हो साहेब," आतून पॉलिशकाका म्हणाले, "मेण कुठल्या बाजूने तापवतात ते. नाहीतर कवळी घालून रोगी शिट्टी वाजवत घरी जाईल."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीस वर्षांत या बाईने एकदाही आवाज चढवला नव्हता आणि आताही चढवला नव्हता. त्यामुळेच ते गोंधळले असावेत. "मी आपलं चांगल्यासाठी केलं," ते पुटपुटले. रजिस्टर उघडून त्यांनी परवाची ओळ खोडली आणि तिच्यावर लहान अक्षरांत जुन्या तारखा लिहिल्या. ती ओळ पुरी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली आणि हातातले म्हाताऱ्याचे काम पुरे करून साडेबाराला बाहेर पडली.

सहल कंपनीचे कार्यालय थंडगार होते आणि तिथे कुठल्यातरी कृत्रिम फुलांचा वास कोंडला होता. काउंटरवरची मुलगी गोड होती.

"कॅन्सल? का हो मॅडम? इतका छान ग्रुप जमलाय. सगळ्या तुमच्यासारख्याच."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

मुलीने शब्द शोधला, आणि तिला जो सापडायचा होता तोच सापडला. "म्हणजे... एकट्याच."

"वीसजणी एकट्याच?"

"हो ना!" मुलगी आनंदाने म्हणाली.

"माझा पासपोर्ट द्या."

मुलीने संगणकात पाहिले. "मॅडम, बुकिंग सरांच्या नावावर आहे. सरांना घेऊन यावं लागेल. किंवा त्यांचं पत्र."

त्रेपन्न वर्षांची बाई, तीस वर्षे स्वतःच्या हाताने कमावणारी, सात देशांचे शिक्के मारून आलेली, आणि आपले नाव छापलेले पुस्तक परत मिळवायला तिला भावाची चिठ्ठी हवी. शाळेतून लवकर घरी जायला लागते तशी. तिने दोन्ही हात काउंटरवर सपाट ठेवले.

"पासपोर्टात फोटो कुणाचा आहे?"

"तुमचा."

"नाव?"

"तुमचंच."

"सही?"

"तुमची, मॅडम, पण..."

"मग त्यात सर कुठल्या पानावर आहेत, तेवढं दाखवा. मी लगेच घरी जाते."

मुलगी उठून काचेच्या दारामागे गेली. आत एक टायवाला माणूस उभा राहिला, त्याने काचेतून बाहेर पाहिले, खांदे उडवले. मुलगी पासपोर्ट आणि एक छापील कागद घेऊन परतली. मघाचा गोडवा गेला होता, पण आवाज आता अधिक खरा वाटत होता.

"इथे कॅन्सलेशनचं कारण लागतं. वैद्यकीय लिहू? सगळे तेच लिहितात, कुणी विचारत नाही."

"मी ठणठणीत आहे. मला जायचं नाही, असं लिहा."

"असा पर्याय नाही हो यात."

"पेन द्या."

छापील पर्यायांच्या खाली समासात थोडी कोरी जागा होती. तिथे तिने लिहिले, 'मला या सहलीला जायचे नाही,' आणि सही केली. मुलीने कागद आपल्याकडे वळवून वाचला, एकदा तिच्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

बाहेर ऊन रणरणत होते. तिने घड्याळ पाहिले. वकिलातीची व्हिसाचे अर्ज घ्यायची खिडकी तीनला बंद होत असे, आणि ती चार थांबे पलीकडे होती. बसमध्ये तिला उभे राहावे लागले. पर्स छातीशी धरून ती एका हाताने दांड्याला लटकली होती आणि शेजारचा माणूस फोनवर मोठमोठ्याने कुणाच्या तरी लग्नाची बोलणी करत होता. वकिलातीच्या पायरीवर बसून तिने अर्ज भरला. जास्तीचे फोटो पर्समध्ये होतेच; भरण्याजोगे सगळे भरून झाल्यावर तिने पुन्हा एकदा वरपासून वाचले. परत जाऊन दादाला काय सांगायचे याचा विचार एकदा मनात आला. सांगायचे, एवढेच तिने ठरवले, समजवायचे नाही. कपाटातली फाइल मात्र आज वर न्यायची.

रांगेत तिच्यापुढे सातजण होते. पावणेतीनला तिचा नंबर आला. खिडकीतल्या बाईने अर्ज उलटसुलट करून पाहिला, प्रवासाच्या तारखांवर बोट ठेवून खात्री करून घेतली, फोटोला टाचणी लावली. पासपोर्ट आत सरकवून घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.